दांडा दाबायच्या आधीची चार मिनिटं

अन्याय माझ्या आईवर झाला. रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, पनवेलला, आमच्याच घरात, हॉलमधल्या घड्याळाखाली. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण सभेचं इतिवृत्त मी लिहीत होते आणि प्रत्येक मुद्द्यापुढे वेळ टाकायची मला खोड होती. आईचं नाव वनिता. तिचं एक वाक्य मध्येच तोडलं गेलं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, एक वाक्य. तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. आणि या एवढ्याशापायी पुढचे दोन महिने आमच्या बिल्डिंगमधल्या अठरा घरांनी कोरड्या नळाखाली बादल्या मांडल्या. अन्याय करणाऱ्याचं नाव पत्रकाच्या पहिल्याच ओळीत छापावं, असं मला नंतर शिकवलं गेलं आणि आजवर मी ते पाळत आले. इथे मात्र ते नाव बरंच खाली येईल. का, ते तिथे पोचलात की कळेल.

आम्ही तळमजल्यावर राहायचो. वर तीन मजले, गच्चीवर पाण्याची टाकी. पप्पा न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कारकून होते. पहाटेपासून ट्रेलर सुरू व्हायचे आणि शोकेसमधले काचेचे ग्लास एकमेकांना लागून किणकिणायचे. सहाच्या सुमाराला स्वयंपाकघरातल्या नळातून आधी हवा यायची, लांब सुस्कारा टाकल्यासारखी, मग दोन खाकरे, मग धार. हा नळ थेट रस्त्यावरच्या लाइनीचा होता. वरच्या मजल्यांवर टाकीचं पाणी, त्यामुळे ही धार ऐकायला सबंध बिल्डिंगमध्ये फक्त आई जागी असायची. तांदळाच्या भाकरीचं पीठ मळता मळता, पाठमोरी उभी राहून, कळशी भरत आली की ती न बघता सांगायची, "बंद कर, भरली." मला वाटायचं सगळ्याच आयांचे कान असे असतात. नसतात. आई गव्हाणची. तिच्या बाबांची खाडीकाठची भातशेती. तिथे बांधात एक उघाडी असायची, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायची लाकडी झडप. लहानपणी आईचं काम एकच, बांधावर बसून पाणी ऐकायचं आणि ओरडून सांगायचं. ओहोटी लागली की पाण्याचा आवाज बारीक होत होत विरतो. झडप पाडली की तो तुटतो. हे तिला आठव्या वर्षी कळत होतं. आमच्या पाणी समितीला साठाव्या वर्षी कळत नव्हतं.

समितीच्या सभा आमच्याकडे भरायच्या, कारण तळमजला सगळ्यांना सोयीचा आणि आईचा चहा सगळ्यांना आवडीचा. अध्यक्ष चौधरीकाका, तिसऱ्या मजल्यावरचे, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. बाकी सहा-सात पुरुष आणि मी. मी अकरावीत होते, अक्षर चांगलं होतं, आणि एका संघटनेच्या शिबिरात जाऊन नुकतीच घोषणा लिहायला शिकले होते, त्यामुळे सभेची लेखनिक मी. छाती केवढी फुगली होती माझी! तर त्या रविवारी चर्चा अशी की टाकी भरत नाही, कारण पाण्याला दाब कमी आहे. तसा अर्ज लिहायचं ठरत होतं. आई रिकामे कप गोळा करायला आली आणि ट्रे हातात धरून दारातच थांबली. म्हणाली, "दाबाचं नाय वाटत मला. धार बारीक होत नाय आपली, ती एकदम—"

"आई, चहा उतू चाललाय बघ."

चहा उतू जात नव्हता. गॅस बंद होता. हे म्हणाली ती मी. चौधरीकाका नव्हेत, पप्पा नव्हेत. समानतेच्या घोषणा पाठ केलेली, बॉलपेन हातात धरलेली मी. मला लाज वाटली होती, आईच्या "नाय"ची, तिच्या पदराला लागलेल्या पिठाची, साहेबी भाषेत चाललेल्या सभेत ती मध्येच बोलली याची. आई ट्रे घेऊन आत गेली. मी वहीत लिहिलं, "११.२०. चहापान." ती वही अजून माझ्याकडे आहे.

अर्ज गेला. कारण, अपुरा दाब. पाणीखात्याकडून सल्ला आला, मोटर मोठी बसवा. बसवली. तिने हवाच ओढली आणि अशी किंचाळायला लागली की दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी कानात कापूस घातला. आई त्या विषयावर पुन्हा एक अक्षर बोलली नाही. भाकऱ्या, सुकटीची चटणी, पप्पांचा डबा, सगळं तसंच. फक्त सभेच्या दिवशी ट्रे ती दारातल्या स्टुलावर ठेवायची आणि मला हाक मारायची. हॉलमध्ये यायची नाही.

अशात मे महिन्यात नसीमभाभी खोका घेऊन आली. नसीमभाभी समोरच्या घरातली. नवरा कतारला, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा, आणि तो आला की खजूर, साबण, अत्तर यांचा वाटा आमच्याकडे येणारच. या वेळी तिने पदराखालून एक चौकोनी खोका काढला आणि ओट्यावर आपटला. "अगो वनिता, ह्यांना सायबानं दिलंय. आमच्यात कोण कापी पितो? तू ठेव." आत काचेचं उभट भांडं, स्टीलच्या पिंजऱ्यात बसवलेलं, झाकणातून आरपार जाणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला बारीक जाळीची चकती. सोबत कॉफीच्या बियांची पिशवी. पिशवी उघडली आणि वास असा काही सुटला की पप्पा वर्तमानपत्र टाकून आत आले. आमच्याकडे तोवर कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, जायफळ घातलेली, पाहुण्यांची नाहीतर उपासाची. हे प्रकरण वेगळं होतं. पप्पांनी दांडा वर-खाली करून बघितला आणि निकाल दिला, "रवी आहे ही. ताक घुसळायची."

"रवी गोल फिरते," आई म्हणाली. "ही दाबायची हाय."

खोक्यावर चार चित्रं होती आणि खाली सगळी अरबी. आम्ही तिघं डोकं लावून बसलो. पहिल्या चित्रात भरलेला कप, दुसऱ्यात दाबलेला दांडा, तिसऱ्यात पाणी आणि घड्याळ, चौथ्यात कोरडी पूड. पप्पा गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे आधी पिऊन टाकायची आणि मग करायची?" नसीमभाभी हसून हसून ओट्याला टेकली. "अवो भावजी, अरबी उजवीकडनं वाचतात!" तिला कुराण वाचता यायचं. हर्फ, म्हणजे अक्षरं, सगळी ओळखता येतात, माने, म्हणजे अर्थ, कळत नाहीत, असं ती मोकळेपणाने सांगायची. तिने उजवीकडून बोट फिरवलं. पूड, पाणी, घड्याळ, दांडा, कप. घड्याळाखालच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा चार. चार मिनिटं थांबायचं." गव्हाणच्या बांधावरची एक बाई आणि कुराण वाचणारी एक बाई, दोघींनी मिळून एक परदेशी यंत्र उलगडलं. मी आजही कुणी "बायकांना यंत्रातलं काय कळतं" म्हटलं की हा प्रसंग तोंडावर फेकते.

आता बिया दळायच्या कुठे? मे महिना. म्हणजे घरोघरी मिरच्या वाळत पडलेल्या आणि मसाला कुटायचा डंक सकाळपासून धडधडत असलेला. आमच्या घरी जे काही कुटायचं ते डंकावर, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. आई मिरच्यांच्या पिशवीबरोबर बियांची पिशवीही घेऊन गेली. डंकवाल्याने मूठभर बिया हातावर घेतल्या. "मावशी, चिंचोके भाजून आणले काय?"

"चिंचोके तुझ्या घरी. कापी हाय ती. बारीक काढ, मसाल्यासारखी."

आधीच्या बाईच्या आठ किलो मिरच्यांनंतर आमचा नंबर. कॉफी निघाली ती लालसर, पिठासारखी मऊ. घरी येऊन आईने चित्राबरहुकूम केलं. पूड, उकळतं पाणी, झाकण, भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर. चार मिनिटं झाल्यावर पप्पा दांड्यावर तळवा ठेवून उभे. दांडा हलेना. पूड इतकी बारीक की तिने जाळीचा दमच कोंडला होता. पप्पा म्हणाले, "सरका!" आणि दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाचा भार टाकून दाबलं. कॉफी झाकणाच्या कडेने कारंज्यासारखी उडाली! पप्पांचा बनियन, मागचं कॅलेंडर, गव्हाणहून आलेली मीठ लावलेल्या बोंबलांची परडी, सगळं तपकिरी. कुणी भाजलं नाही हे नशीब. भांड्यात उरलेली आम्ही इरेला पेटून प्यायलो. पहिल्याच घोटाला पप्पांना ठसका, मला शिंका, आईच्या डोळ्यांत पाणी. नसीमभाभीने मात्र कप शेवटपर्यंत रिकामा केला, ओठ पुसले आणि म्हणाली, "चांगलीय. ह्यात मटन टाक."

इतके दिवस गप्प असलेली आई त्या दिवशी मोठ्याने हसली. आणि मग ती हट्टाला पेटली. खलबत्त्यात मूठभर तांदूळ कुटून आधी त्याचा जुना वास काढला. उरलेल्या बिया स्वतः कुटल्या, हात आवरून, दर चार घावांनंतर चिमूट तळव्यावर पसरून बघत. रव्याइतकी झाली तर दांडा अडतो, डाळीएवढी राहिली तर चव उतरत नाही. तांदळाच्या कण्यांएवढी झाली की तिचा हात थांबायचा. पाणी उकळलं की ती लगेच ओतायची नाही, भांड्यातला खदखदाट शांत होईपर्यंत थांबायची. ओतल्यावर वर जाड थर यायचा, फुगलेला, बुडबुड्यांचा. ती चमच्याने एकदा हलवायची आणि कान खाली न्यायची. मी विचारलं, काय ऐकतेस? "बसते ती खाली. बसायला लागली की बोलायची थांबते." मी कान लावला. खरंच बारीक फसफस येत होती आणि हळूहळू निवत होती. मग झाकण, आणि एका तळव्याने, अजिबात घाई न करता, दांडा खाली. तो न अडखळता उतरला तेव्हा नसीमभाभीने आणि मी टाळ्या वाजवल्या! काळी, दाट, दुधाशिवाय कॉफी आयुष्यात पहिल्यांदा धड प्यायले मी. कडू होती. पण त्या कडूपणाच्या मागे गूळ उकळताना येतो तसा वास होता, आणि मी दिवसभर जिभेने दात चाटत फिरले. नंतर मी नाव असलेल्या कॅफेंमध्ये, फळ्यावर दहा प्रकार लिहिलेल्या ठिकाणी कॉफी प्यायले आहे. त्या खलबत्त्याच्या तोडीची मिळालेली नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

पुढच्या सभेपर्यंत बातमी तिसऱ्या मजल्यावर पोचली होती. चौधरीकाका बसतानाच म्हणाले, "वहिनी, आज चहा नको. ते यंत्र आलंय म्हणे, दाखवा आम्हाला." आता गंमत बघा. चहा आत होतो. आत उकळतो, आत गाळला जातो, आणि करणारीही आतच राहते. हे यंत्र मात्र बघायचं तर समोरच लागतं. आईने थर्मासमध्ये पाणी आणलं, टीपॉयवरचे कागद बाजूला सारले, भांडं मधोमध ठेवलं. पूड, पाणी, एकदा चमचा. घड्याळाकडे बघितलं. आणि जागा नव्हती म्हणून पप्पा उठले आणि ती सोफ्यावर बसली. त्या खोलीत, सभा चालू असताना, आई बसलेली मी पहिल्यांदा बघत होते.

सगळे भांड्याकडे टक लावून. मिनिटभर झालं आणि चौधरीकाकांचा धीर सुटला. "दाबा की आता!"

"चार मिनिटं," आई म्हणाली. "आत्ता दाबली तर कच्ची राहील."

"मग तोवर काय करायचं?"

"तोवर मी बोलते."

तिने माझ्याकडे बघितलं. "लिव." मी वही उघडली. तिला उठवायला कुणाकडे काही कारणच नव्हतं. कॉफी इथे, करणारी इथे, उतू जाणारं आत काही नाही. ती सावकाश बोलली. पाणी कमी पडलं तर धार बारीक होत जाते. आमची बारीक होत नाही. सहाला येते ती मनगटाएवढी येते आणि वीसेक मिनिटांत तुटते, झडप पाडल्यासारखी. नळ सुस्कारत नाही, गुडगुडत नाही, गपकन गप्प होतो. म्हणजे पाणी कमी नाही. कुणीतरी कोपऱ्यावर चावी फिरवतंय. "आणि हे रोज नाय होत. ज्या दिवशी पलीकडं त्या नव्या उंच टॉवरचं बांधकाम चालू असतं त्याच दिवशी होतं. कामाला सुट्टी असली की आपली टाकी भरते. तुमी वर ऱ्हाता, तुमाला ऐकू येनार नाय. मला येतं. मी हे चैत्रातच सांगत होते."

भांड्यातली फसफस निवत आली होती. दुसऱ्या मजल्यावरचे कुणीतरी पुटपुटले, "बाईमाणसाच्या कानावर अर्ज करायचा का आपण?" आई त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "अर्ज नका करू. उद्या सहाला या आणि तुमचा कान लावा." मग तिने दांड्यावर तळवा ठेवला आणि हळूहळू दाबला. चार मिनिटं झाली होती.

सोमवारी सकाळी पावणेसहाला आमच्या स्वयंपाकघरात पायजम्यातले पाच पुरुष उभे! चौधरीकाका तर ओट्याला कान लावून, जणू डॉक्टरच. सुस्कारा, दोन खाकरे, धार. आई भाकऱ्या थापतच होती. मग धार तुटली. गपकन. "गेली," आई म्हणाली, "पळा." आणि पळाले हो सगळे, मीही, चपला न घालता, कोपऱ्यापर्यंत. तिथे रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उघडं, वॉलमन, म्हणजे लाइनीच्या चाव्या फिरवणारा माणूस, लांब चावी घेऊन वाकलेला, आणि पाचशे पावलांवर टॉवरच्या कामासाठी टँकर त्याच लाइनीवर भरत उभा. वॉलमन बिचारा घाबरून म्हणाला, "मला सांगतात तसं फिरवतो मी, साहेब." खरंच होतं ते. त्याच्याशी आमचं भांडण नव्हतं.

त्याच दिवशी मी आयुष्यातलं पहिलं खरं पत्रक लिहिलं. मथळा मला सुचलाच नाही, तो आईने दिला: "धार बारीक होत नाही, तोडली जाते." मागणी एक, चावी कधी उघडणार आणि कधी बंद होणार त्याच्या वेळा कोपऱ्यावर फळ्यावर लावा. खाली मी आईचं नाव घातलं. चौधरीकाकांनी चष्मा वर करून वाचलं. "नावाची पद्धत नाही. 'पाणी समिती' लिही."

"समितीने दाब लिहिला होता, काका. ही हिची माहिती आहे."

"एवढं काय आहे त्यात? वाक्य कुणाचंही असो, काम झाल्याशी मतलब."

"मग तिचंच असू द्या," मी म्हणाले, आणि कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. त्या दिवसापर्यंत मी पुढाऱ्यांशी भांडायची स्वप्नं बघत होते. पहिलं भांडण तिसऱ्या मजल्यावरच्या, माझी मराठी सुधारणाऱ्या माणसाशी झालं. पत्रकं स्टँडजवळच्या दुकानातून झेरॉक्स करून आणली, अजून गरम होती. नसीमभाभीने अख्ख्या गल्लीत वाटली, एकेकाला दारात धरून, "वाच. आमच्या वनितानं लिवलंय." महिन्याभरात कोपऱ्यावर वेळांचा फळा लागला. वेळा नेहमी पाळल्या जायच्या असं नाही. पण तुटलेल्या धारेला आता साक्षीदार होते.

ते काचेचं भांडं पुढे एका ट्रेलरच्या धक्क्याने शोकेसमधून पडून फुटलं. दांडा आणि जाळी माझ्याकडे आहेत. आज मी ज्या बैठका घेते तिथे नवं भांडं मधोमध ठेवते आणि नियम एकच असतो, ज्या बाईला आतापर्यंत कुणी बोलू दिलं नाही तिने कॉफी करायची नाही, तिने बोलायचं, आणि दांड्यावर हात दुसऱ्याचा. चार मिनिटं कुणी मध्ये बोललं तर त्याला कॉफी नाही. आईला मी त्या "११.२०"ची माफी खूप उशिरा मागितली. ती भाकरी परतत होती. म्हणाली, "मला म्हाईत होतं गॅस बंद हाय. मीच बंद केला होता." बस, तेवढंच. आणि मला चटणी वाढली.

आता तुम्ही. तुमच्याही घरात एक वाक्य अर्धं पडलेलं आहे. कुणाचं, ते तुम्हाला माहीत आहे, आणि कुणी तोडलं, तेही. हे पान मिटा, उठा, पाणी तुम्ही ठेवा. चहा करा, कॉफी करा, जे जमेल ते, पण ते तिच्यासमोर आणून करा आणि तिला बसवा. मग विचारा, "त्या दिवशी तू काय म्हणत होतीस?" आणि ती थांबेपर्यंत तोंड बंद ठेवा.